इस्लापूरचा उलटा तास

आमच्या निलंग्याकडची माणसं इस्लापूरला जातात ती सहस्रकुंडचा धबधबा बघायला. पाऊस चांगला झाला की सहली निघतात, दशम्यांची गाठोडी बांधली जातात. मी त्र्याहत्तराव्या वर्षी एकटाच गेलो, तो मीच लिहिलेलं एक वाक्य मागे घ्यायला. वाक्य तीन शब्दांचं होतं: ‘फळा कोरा होता.’

शाळा तपासणी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना हे वाक्य साधं वाटेल. आमच्याकडे तपासणीला आलेला माणूस वर्गात पाऊल टाकतो तेव्हा आधी फळा बघतो. वार, दिनांक, विषय, घटक, उपघटक, पटावर किती, हजर किती. हे सगळं कोपऱ्यात नीट लिहिलेलं असलं की निम्मी तपासणी तिथंच पार पडते. कोरा फळा म्हणजे शिकवणं चालू नाही. दुसरा अर्थच नाही.

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत शाळा असलेल्या एका संस्थेत मी आयुष्यभर गणित शिकवलं, शेवटी मुख्याध्यापक झालो आणि निवृत्तीनंतर मानद निरीक्षक. कोरोनानंतर शाळा उघडल्या त्या वर्षी मला औशाच्या शाळेत पाठवलं. सातवीचा गणिताचा तास होता. सुजाता वाघमारे नावाच्या बाई जमिनीवर मांडी घालून दोन मुलांबरोबर बसल्या होत्या, दाराकडे पाठ करून. बाकीची मुलं भिंतींना लावलेल्या काळ्या पट्ट्यांवर खडूनं गणितं सोडवत होती, भांडत होती, एकमेकांचं पुसत होती. फळा कोरा होता. मी दहाएक मिनिटं बसलो आणि उठलो.

त्या वेळात मी दुसरंही पाहिलं होतं. एका मुलानं दुसऱ्याला ऋण संख्या समजावल्या, विहिरीच्या पायऱ्या काढून. इतक्या चांगल्या रीतीनं मी कधी समजावल्या नव्हत्या. बाईंनी धडा फोनवर चित्रित करून मुलांना आदल्या दिवशीच घरी पाठवला होता. मुलं घरून ऐकून येत, वर्गात फक्त सोडवत. बाई त्याला ‘उलटा तास’ म्हणत, आणि त्यांनी मला ते सांगितलंही होतं. यातलं मी काहीच लिहिलं नाही. संस्थेतल्या एका मोठ्या माणसाच्या सुनेला औशाची जागा हवी होती. मला कोणी खोटं लिहा म्हटलं नाही. ‘बघून या एकदा,’ एवढंच म्हटलं. मी बघून आलो. वाघमारे बाईंची बदली इस्लापूरला झाली, म्हणजे त्यांच्या घरापासून जवळजवळ तेलंगणाच्या हद्दीपर्यंत. त्या बौद्ध समाजाच्या होत्या, ज्यांना जागा हवी होती ते नव्हते. हा विषय कोणी काढला नाही. काढायची गरजच पडली नाही, आणि ती पडली नाही यात माझाही हातभार आहे.

या भाद्रपदात संस्थेच्या कार्यालयातून एका जुन्या माणसाचा फोन आला. “बिराजदार सर, शनिवारी इस्लापूरला समिती चाललीय. वाघमारे बाईंच्या विरोधात पालकाचा अर्ज आहे, मोबाइलच्या वापरावरून. या वेळी खराब शेरा पडला तर उलटा तास बंद, आणि बाईंना पुन्हा हलवणार. फायलीला आधार म्हणून तुमचाच अहवाल लावलाय.”

मी पिशवी भरली.

लातूर

गाडी औशावरून जाते. स्टँडवर बराच वेळ थांबली. खाली उतरून शाळेपर्यंत चालत जाता आलं असतं, पण मी खिडकीपाशीच बसून राहिलो आणि शेंगा विकणाऱ्याशी उगाच भाव करत बसलो.

लातुरात माझा नातू अकरावीला आहे. त्याच्या खोलीत औशाचा अरबाज नावाचा मुलगा राहतो. विहिरीच्या पायऱ्या काढणारा मुलगा तोच. हे मला आषाढापासून माहीत होतं, आणि त्यामुळंच मी त्या खोलीवर जायचं टाळत आलो होतो. या वेळी गेलो तर नातू क्लासला गेलेला आणि अरबाज एकटा सुशीला खात बसलेला. मुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन, वर दाण्याचं कूट. आमच्याकडे यात लिंबू पिळतात, लातूरच्या मेसवाल्याला ते परवडत नसावं. त्यानं माझ्यासमोरही ताटली सरकवली.

त्या गल्लीत एका वेळी शेकडो पोरं पडद्यावर तास बघत असतात. घराघरांतून एकाच मास्तरांचा आवाज येतो. मी म्हटलं, “तुमच्या बाई हेच करायच्या ना?”

“न्हाई सर. इथं बघायचं आणि संपलं. बाईंकडं बघून झाल्यावर सुरू व्हायचं.” तो बोटं चाटत म्हणाला, “व्हिडिओ चारपाच मिनिटांचा. शेवटी तीन सवाल. कुणाचं कुठं चुकलं ते बाईंना सकाळीच फोनवर दिसायचं. त्यावरून गट पाडायच्या. ज्याचं चुकलं तो बाईंजवळ, ज्याचं जमलं तो भिंतीवर.”

“मग पुढं?”

“पुढं काय. दिवाळीनंतर बाई न्हाई. नव्या मॅडम आल्या. त्यांचा फळा लई भारी असायचा सर, रंगीत खडूनं.” त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. “राग नका मानू, पण आमच्या वर्गात तुमचं नाव लई बदनाम होतं. फळ्यावाले बाबा म्हणायचे.”

“तो मीच, हे तुला कसं कळलं?”

“तुमच्या नातवानं सांगितलं की तुम्ही निरीक्षक होता. तेव्हापासून मी पण तुमचीच वाट बघायलोय, विचारायला.” तो थांबला. “तुम्ही मला बघितलं होतं ना त्या दिवशी? मी पायऱ्या काढताना?”

“बघितलं होतं.”

“बस. मला वाटायचं, बघितलंच नसंल.”

मला वाटलं होतं तो काही तरी लागट बोलेल. त्यानं ताटली उचलली आणि मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आला.

नांदेड

चाकूर, अहमदपूर, लोहा. दोन्हीकडं सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं. संध्याकाळी नांदेडला पोचलो आणि गुरुद्वाऱ्याच्या यात्रीनिवासात खोली मिळाली. लंगरमध्ये जेवलो. आमच्याकडे पंगतीला बसताना कोण कुठं बसणार याचा हिशेब जेवणाच्या आधी तास-दीड तास चालू असतो. इथं डोक्याला रुमाल बांधायचा, रिकामी जागा दिसेल तिथं बसायचं. माझ्या शेजारी पंजाबहून आलेले एक म्हातारे सरदारजी होते. त्यांनी हिंदीत विचारलं, दर्शनाला आलात का? मी म्हटलं, कामाला चाललोय. ते म्हणाले, या वयात काम असणं चांगलं.

सकाळी जुन्या नांदेडात खिचडी-खट्टा खाल्ला. पिवळी खिचडी, तिळाचा आंबट खट्टा, तळलेला पापड. निजामाचं राज्य गेलं, हे तेवढं मागं राहिलं. चव फार चांगली होती, आणि ती चांगली लागतेय याचीच मला लाज वाटत होती.

इथंच एक घोटाळा केला. इस्लापूरची सरळ गाडी माझ्यासमोर उभी होती, पण पाटीवर किनवट लिहिलेलं होतं म्हणून मी चढलो नाही. ती भोकर, हिमायतनगर, इस्लापूर करतच किनवटला जाते, हे वाहक ओरडून सांगत होता म्हणे. माझा एक कान आता नीट चालत नाही. पुढची गाडी दुपारची. शनिवार उद्यावर होता आणि मी नांदेडच्या स्टँडवर बसून राहिलो. बाईंना समिती येण्याआधी भेटायचं होतं. आधी भेटलो नाही, तर मीही समितीबरोबरच आलोय, असं त्यांना वाटलं असतं.

इस्लापूर, शुक्रवार

भोकरच्या पुढं मुलूख बदलतो. काळी सपाट जमीन संपते, टेकड्या सुरू होतात, मग साग. आमच्याकडे झाड म्हणजे बांधावरची बाभूळ. इथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाला फुलांचे पांढरे तुरे आलेले. गाडीतल्या बायका मध्येच मराठी सोडून तेलुगूत बोलू लागतात, मध्येच बंजाऱ्यांच्या गोरमाटीत. निलंग्याला आम्ही मराठीत कन्नड मिसळतो, त्यामुळं मला ते ओळखीचंच वाटलं.

उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. वाघमारे बाई शाळेच्या ओसरीवर होत्या. मला बघून त्या उठल्या नाहीत.

“समिती उद्या आहे ना सर?”

“मी समितीत नाही. मी स्वतःहून आलोय.”

“कशाला?”

मी सांगितलं. फळा, पायऱ्या काढणारा मुलगा, मोठ्या माणसाची सून, सगळं. मी थांबल्यावर म्हणाल्या, “हे मला माहीत होतं. तुम्हाला माहीत आहे, एवढंच माहीत नव्हतं.”

“उद्या मी समितीपुढं बोलतो.”

“नका बोलू.” त्या पहिल्यांदा माझ्याकडं वळल्या. “उद्या मी फळ्यावर शिकवणार आहे. वार, दिनांक, घटक, सगळं. मुलांना सांगून ठेवलंय, हात बांधून बसायचं. समिती खूश होईल आणि जाईल. माझी आई इथं माझ्याजवळ असते, तिचं औषधपाणी नांदेडला चालू आहे. आणखी कुठं टाकलं तर मी कशी नेऊ तिला?”

“आणि उलटा तास?”

“समिती गेल्यावर बघू. लपूनछपून करू.”

रात्री त्यांनीच जेवायला घातलं. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, आणि चिंचेचं पातळ चारू, जे इकडं तेलुगू घरांतून सगळ्यांच्या चुलीवर आलंय. आमच्या येसरच्या आमटीपुढं ते फिकं. पण त्यांच्या आईनं आग्रह करकरून वाढलं. मी कोण हे त्या माउलीला कळलेलं नव्हतं.

शनिवार

सकाळची शाळा. संस्थेचे सचिव जीपमधून आले, बरोबर दोन सदस्य. मला बघून सचिव चमकले. “सर, तुम्ही? बरं झालं. तुमचा अहवाल आम्ही लावलाच आहे.” त्यांनी मला आपल्या शेजारी खुर्ची दिली. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.

तक्रार करणारे पालक खिडकीबाहेर उभे होते. सुभाष राठोड, मालाचा टेंपो चालवतात. मी त्यांच्याशी आधीच बोललो होतो. “गुरुजी, माझं काही बाईंशी वैर न्हाई,” ते म्हणाले होते. “पण पोरगी फोन घेऊन बसते. भाड्याचा फोन येतो, ती कट करते. म्हणते, पप्पा, व्हिडिओ चालू हाय. परवा हदगावचं भाडं गेलं. मी काय करून राहिलो मग, पोरीच्या गणिताची आरती?” त्यांची तक्रार खोटी नव्हती. या सगळ्या प्रकरणात कोणाचंच खोटं नव्हतं, हीच अडचण होती.

बाईंनी फळा लिहायला घेतला. अक्षर सुंदर. घटक: पूर्णांक संख्यांचा गुणाकार. मुलं हात बांधून बसलेली, पाठी ताठ. बाई म्हणाल्या, “वजा गुणिले वजा बरोबर अधिक. म्हणा.”

“वजा गुणिले वजा बरोबर अधिक.”

सचिवांनी समाधानानं मान हलवली. मी आयुष्यभर असेच तास घेतले, असेच तास उत्तम ठरवले. त्या दिवशी शेवटच्या बाकावरून मला पहिल्यांदा दिसलं की पोरं फळ्याकडं बघतच नाहीत, ती बाईंच्या चेहऱ्याकडं बघतायत. आपण नीट वागतोय ना, हे तपासत.

“वजा तीन गुणिले वजा दोन?”

“अधिक सहा!”

“उत्तम,” सचिव म्हणाले. पाच मिनिटांत सगळं सुखरूप संपणार होतं. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. वैष्णवी, राठोडांची.

“बाई, आज ‘का’ विचारायचं न्हाई का?”

कोणी हसलं नाही. खिडकीबाहेरून राठोड दबक्या आवाजात ओरडले, “ए, बस खाली.” सचिव म्हणाले, “बेटा, नियम आहे तो. बस.” मुलगी बसली नाही, पण रडवेली झाली. आपण बाईंचं वाटोळं केलं, हे तिला बोलून झाल्यावर कळलं असावं.

बाईंच्या हातात खडू होता. त्या फळ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं त्या म्हणतील, नंतर विचार. त्यांना तसं म्हणायचा पूर्ण अधिकार होता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा, म्हणून टाका.

“विचार,” बाई म्हणाल्या.

मग वर्ग जो सुटला तो सुटला. “व्हिडिओतलं दाखवायचं?” “टेंपोचं?” “फोन कुठाय?” फोन आणायला त्या दिवशी बंदी होती, बाईंनी स्वतःचाही घरी ठेवलेला. वैष्णवी खिडकीशी गेली. “पप्पा, फोन द्या.”

राठोड तिच्याकडं बघत राहिले. मग सचिवांकडं. अर्ज त्यांनीच केलेला, त्याच फोनपायी. त्यांनी खिशातून फोन काढला आणि गजांतून आत दिला.

पोरांनी फोन मध्ये धरला, समितीचे एक सदस्य खुर्चीवरून वाकले, मग उठलेच. शाळेपुढच्या रस्त्यावर एक टेंपो मागे मागे जातोय, एवढंच चित्र. वैष्णवी भराभर बोलत होती. “टेंपो मागं चाललाय, म्हणजे वजा. बरोबर? आता पिक्चर उलटा फिरवायचा, शेवटाकडून सुरुवातीला. म्हणजे काळ पण वजा.” तिनं बोट लावलं. “बघा.”

पडद्यावर टेंपो पुढे निघाला.

“वजा आणि वजा. पुढं,” एक पोरगा म्हणाला, माझ्यासाठी असावं, कारण माझं तोंड उघडं होतं. इतकी वर्षं मी ‘नियम आहे, पाठ करा’ म्हणत आलो.

खिडकीतून राठोड ओरडले, “अरे, हा तर माझाच टेंपो हाय की! कधी काढलं हे?”

“तुम्ही पोती उतरवायला आलता तवा.”

“मला सांगायचं तरी. धुऊन आणला असता.”

या वेळी सगळे हसले, सचिव सोडून. त्यांनी वही मिटली. “बाई, तुम्हाला नेहमीसारखा तास घ्यायला सांगितलं होतं. हा गोंधळ आम्ही काय म्हणून लिहायचा? बिराजदार सरांनी चार वर्षांपूर्वी हेच लिहिलंय.”

मी उभा राहिलो. बाईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवून होही म्हटलं नाही, नाहीही.

“ते मी अर्धं लिहिलं होतं,” मी म्हणालो.

“म्हणजे खोटं?”

“खोटं नव्हतं. फळा कोरा होता. पण भिंती भरलेल्या होत्या, ते मी बघितलं आणि लिहिलं नाही. का लिहिलं नाही तेही तुम्हाला ठाऊक आहे. जागा कुणाला हवी होती, हे इथं पोरांसमोर नाव घेऊन सांगू का बाहेर सांगू?”

सचिवांचा चेहरा उतरला. ते मला बाहेर घेऊन गेले. बराच वेळ बोलले. वय, संस्थेचं नाव, जुन्या गोष्टी. मी म्हटलं, माझं म्हणणं लेखी देतो, त्याच फायलीला लावा. शेवटी ते वर्गात येऊन म्हणाले, “ठीक आहे. सत्र संपेपर्यंत तास चालू द्या. पण आठवड्याला अहवाल पाहिजे. तपासायला संस्थेकडं माणूस नाही. बिराजदार सरांना एवढा कळवळा आहे, तर त्यांनीच येऊन बसावं. एक जरी वाईट अहवाल आला, तर तास बंद आणि बदली.”

“मला हे निरीक्षक नकोत,” वाघमारे बाई म्हणाल्या. सगळ्यांसमोर, शांतपणे.

मला ते अपेक्षित नव्हतं. आपण बोललो म्हणजे आपलं फिटलं, असं मला आतून वाटायला लागलं होतं.

“मग दुसरं कोणी नाही,” सचिव म्हणाले. जीपवाल्यानं गाडी चालू केली होती.

“बाई, बसू द्या की म्हाताऱ्या माणसाला,” राठोड खिडकीतून म्हणाले. “आम्ही बी ध्यान ठेवू त्यांच्यावर.” आणि सचिवांकडं वळून, “माझा अर्ज राहू द्या, पण फोन संध्याकाळी जेवणाच्या वेळंलाच देणार, भाड्याच्या टायमाला न्हाई. तेवढं लिहून घ्या.”

बाई माझ्याशी नाही, मुलांशी बोलल्या. “सर बसतील. पण जे लिहितील ते पाठवायच्या आधी इथं वर्गात मोठ्यानं वाचून दाखवतील. काही सुटलं असेल तर तुम्ही सांगायचं. चालेल?”

“चालेल!” पोरं ओरडली. मला कोणी विचारलं नाही.

रविवार

राठोडांनी मला टेंपोतून सहस्रकुंडला नेलं. टेंपो धुतलेला होता. पैनगंगा काळ्या कातळावरून सुटते तेव्हा ती पाण्यासारखी दिसत नाही, भिंत कोसळत राहावी तशी दिसते. पलीकडचा काठ विदर्भाचा. कठड्यापाशी ओलं होऊन उभा होतो. राठोड कानाशी ओरडून काहीतरी सांगत होते, ते चालत नसलेल्या कानाच्या बाजूनं. मी मान हलवत होतो. नंतर कळलं की ते विचारत होते, गुरुजी, एक जरी वाईट शब्द लिहिला तर बाई जातील ना? आणि मी हो हो म्हणत होतो.

परतताना त्यांनी पुन्हा विचारलं. “मग तुम्ही चांगलंच लिहिणार ना?”

“चांगलंच लिहिणार,” मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

सोमवार

पूर्ण तास बसलो. बाकावर नाही, पोरांत, जमिनीवर. गुडघ्यानं त्रास दिला. भागाकार होता. सकाळी बाईंच्या फोनवर कोणाचं काय चुकलं ते आलेलं, त्यावरून गट पडलेले. भिंतींवर खडू चालू होता. एका मुलीनं माझी चूक काढली आणि मी पुसून पुन्हा केलं. तास संपल्यावर ओसरीवर बसून मी अहवाल लिहिला, चांगला दोन पानी. निवृत्तीनंतर इतक्या आनंदानं काही लिहिलं नव्हतं.

दुपारी वर्गात वाचून दाखवला. मुलं कान देऊन ऐकत होती. बाई मागं उभ्या. वाचून झालं आणि मी चष्मा काढला.

“आजोबा,” वैष्णवी म्हणाली, “किसनचं सुटलं.”

मला माहीत होतं ती काय म्हणतेय. किसन नावाचा मुलगा व्हिडिओ न बघता आला होता, सलग तिसऱ्या वेळी. त्याचा गट अडून बसला. बाई त्याच्यावर चिडल्या, “तुझ्यामुळं सगळ्यांचा तास जातो,” असं म्हणाल्या, आणि तो बराच वेळ कोपऱ्यात तोंड भिंतीकडं करून बसला. मी सगळं पाहिलं होतं. अगदी जवळून.

मी पुन्हा अर्धंच लिहिलं होतं. या वेळी उलट्या बाजूनं.

“ते लिहिलंच पाहिजे का?” मी बाईंना विचारलं. माझा आवाज मलाच अजिजीचा वाटला. दोघांनाही सचिवांची अट पाठ होती.

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. “लिहा,” त्या म्हणाल्या.

“आणि फोन का नव्हता ते बी लिवा,” मागून एक पोरगा बोलला. “त्याचा भाऊ फोन घेऊन हैदराबादला गेला कामाला. घरात दुसरा न्हाई.”

बाई वळल्या. “किसन, हे तू मला का सांगितलं नाहीस?”

“तुम्ही विचारलंच न्हाई,” किसन म्हणाला.

बाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, “हेही लिहा सर. मी विचारलं नाही, असं.”

मी लिहीत गेलो. हा मजकूर लिहीपर्यंत सचिवांचं उत्तर आलेलं नाही. तास चालू आहे, किसन आता राठोडांच्या घरी जाऊन व्हिडिओ बघतो, आणि त्या घराचं जेवण रोज उशिरा होतं अशी राठोडांची नवी तक्रार आहे. निलंग्याला घरी आल्यावर सूनबाईनं विचारलं, धबधबा कसा होता. मी म्हटलं, मोठा आहे.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. सगळी भर घालून मी अहवाल पुन्हा वाचला. ‘बाई रागावल्यामुळे विद्यार्थी रडला,’ इथं आलो तेव्हा किसन उठला.

“मी रडलो न्हाई. डोळ्यात खडू गेलता.”

“रडला!” दहा-बारा जण ओरडले.

“न्हाई!”

वाद मिटेना. शेवटी मी ते वाक्य खोडलं आणि वर्गाला विचारून लिहिलं: ‘विद्यार्थी रडला की नाही, याबद्दल वर्गात एकमत नाही.’ बाई हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग खाली सही करायला पेन उघडलं.

“थांबा सर,” त्या म्हणाल्या आणि हात पुढं केला. “आधी मी करते.”